कार्यालयीन संगणक जाळे आणि मॅनेज्ड स्विच

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, टेंभली या गावी झाले. तेव्हापासून दाखले, सातबारा उतारे, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि ग्रामपंचायतीचे हिशेब हे सारे क्रमाक्रमाने संगणकावर आले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला.

सातपुड्याच्या दुर्गम पाड्यावरील माणूस दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी येतो. खिडकीवर त्याला "नेट बंद आहे" असे उत्तर मिळाले, तर त्याच्यापुरता तो हक्क त्या दिवशी कागदावरच राहतो. मात्र अशा प्रत्येक वेळी दोष बाहेरून येणाऱ्या तारेतच असतो असे नाही. पुष्कळदा तो कार्यालयाच्या भिंतीवरील एका छोट्या पेटीत किंवा तिला जोडलेल्या केबलमध्ये असतो. ही पेटी म्हणजे स्विच होय.

स्विचचे कार्य

अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ ठेवलेले संगणक केबलने जोडण्याची पद्धती विकसित केली. तिला ईथरनेट असे नाव मिळाले. १९८३ मध्ये तिचे मानक निश्चित झाले आणि आज बहुतेक सर्व कार्यालयांतील जाळी याच पद्धतीवर चालतात.

कार्यालयातील आवक-जावक शाखेच्या उदाहरणाने स्विचचे काम समजून घेता येईल. आलेले पत्र कोणत्या टेबलाचे आहे हे पाहून लिपिक ते त्याच टेबलाकडे पाठवितो. स्विचही प्रत्येक संगणकाचा पत्ता लक्षात ठेवून माहितीचे पुडके नेमक्या त्याच संगणकाकडे धाडतो. साधा स्विच एवढेच करतो. पत्र कोणी आणले, ते कोठे गेले, गर्दी कोणत्या टेबलाकडे आहे, याची नोंद तो ठेवत नाही आणि कोणाला अडवीतही नाही. मॅनेज्ड स्विच हेच काम नोंदवही ठेवून, नियमानुसार आणि अधिकाऱ्याच्या सूचनेप्रमाणे करतो.

केबलचा फेरा आणि ठप्प होणारे जाळे

काही संदेश सर्व संगणकांसाठी असतात. परिपत्रकाप्रमाणे त्यांची प्रत प्रत्येक जोडणीकडे जाते. समजा, साफसफाईच्या वेळी सुटलेले केबलचे टोक कोणीतरी चुकून त्याच स्विचच्या दुसऱ्या छिद्रात बसविले. आता हे परिपत्रक एका छिद्रातून बाहेर पडून दुसऱ्यातून आत येते आणि पुन्हा सर्वांना वाटले जाते. ईथरनेटच्या पुडक्याला मुदत नसल्यामुळे हा फेरा आपोआप थांबत नाही. काही क्षणांतच सारे जाळे निरर्थक प्रतींनी भरून जाते आणि कार्यालयातील सर्व खिडक्या एकाच वेळी बंद पडतात.

यावरील उपाय १९८५ साली रेडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ महिलेने शोधला. त्यास स्पॅनिंग ट्री असे म्हणतात. या पद्धतीने चालणारे स्विच परस्परांशी संदेशांची देवाणघेवाण करतात, फेरा कोठे होतो ते ओळखतात आणि तेवढीच एक वाट बंद ठेवतात. मुख्य वाट तुटल्यास बंद ठेवलेली वाट पुन्हा खुली होते. मूळ पद्धतीत यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागे. नंतरच्या सुधारित पद्धतीत हे काम थोड्या सेकंदांत होते. म्हणजे दोन इमारतींमध्ये मुद्दाम दोन केबली टाकून एक राखीव ठेवणेही शक्य होते.

एकाच पेटीत वेगळे विभाग

मॅनेज्ड स्विचचा दुसरा गुण म्हणजे विभागणी. एकाच पेटीतील छिद्रांचे गट पाडून प्रत्येक गटाचे जाळे वेगळे ठेवता येते. या व्यवस्थेस व्हीलॅन म्हणतात व तिचे मानक १९९८ साली प्रसिद्ध झाले. पंचायत समितीत लेखा शाखेचे संगणक एका गटात, अभ्यागतांसाठीचे वाय-फाय दुसऱ्यात आणि कॅमेरे तिसऱ्यात ठेवता येतात. ग्रामीण रुग्णालयात रुग्णांच्या नोंदी व प्रतीक्षागृहातील वाय-फाय एकाच जाळ्यात असणे धोक्याचे आहे. आश्रमशाळेतही विद्यार्थ्यांची संगणक प्रयोगशाळा आणि मुख्याध्यापकांचे कार्यालय वेगळे असावे. अशी विभागणी केली म्हणजे एका गटातील संगणकात शिरलेला विषाणू दुसऱ्या गटात सहजासहजी पोहोचत नाही.

नोंदींचेही महत्त्व आहे. कोणती जोडणी केव्हा तुटली, कोणत्या छिद्रावर अनोळखी संगणक लावला गेला, हे मॅनेज्ड स्विच सांगू शकतो. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला तंत्रज्ञ अक्राणीतील स्विचची स्थिती तेथे न जाता पाहू शकतो. घाटरस्त्यांच्या जिल्ह्यात ही सोय लहान नव्हे. मात्र त्यासाठी बाहेरची जोडणी चालू असावी लागते. केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनीही आपल्या संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन करावयाच्या आहेत आणि सायबर घटनेची माहिती ६ तासांत द्यावयाची आहे. नोंदच नसेल, तर हे बंधन पाळणार तरी कसे?

गावापर्यंतची तार

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने राज्य शासनामार्फत हाती घेण्यात आले. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात तालुका ते ग्रामपंचायत हे जाळे वलयाकार करण्याचे ठरले. एका बाजूची तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने दळणवळण चालू राहावे, हा त्यामागील हेतू आहे. परंतु दाराशी आलेल्या या सोयीचा उपयोग दाराच्या आतील व्यवस्थेवरच अवलंबून राहतो.

कोणी काय करावे

दोन-तीन संगणकांच्या ग्रामपंचायतीस साधा स्विच पुरेसा आहे. तेथे मॅनेज्ड स्विचवर खर्च करण्याचे कारण नाही. तहसील कार्यालय, पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय आणि मोठी शाळा येथे मात्र तो आवश्यक मानावा.

खरेदीपेक्षा देखभाल महत्त्वाची आहे. नियम न बसविता नुसता लावलेला मॅनेज्ड स्विच हा महागडा साधा स्विचच ठरतो. काम पूर्ण झाल्याचा दाखला देण्यापूर्वी पुरवठादाराकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : कोणते छिद्र कोणत्या खोलीत जाते याचा नकाशा, स्विचच्या मांडणीची जतन केलेली प्रत आणि बदललेला पासवर्ड. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणे म्हणजे कुलपाला किल्ली लावून ठेवण्यासारखे आहे. नवा पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात कार्यालयप्रमुखाकडे असावा. बदलीच्या वेळी इतर दप्तराबरोबर त्याचाही कार्यभार सोपविला जावा.

तांब्याची केबल १०० मीटरपेक्षा लांब नेऊ नये. दोन इमारती जोडताना प्रकाशतंतू वापरावा. त्यातून वीज वाहत नसल्यामुळे पावसाळ्यात विजेच्या लोळाने यंत्रे जळण्याचा धोका कमी होतो. स्विचला यूपीएस आणि योग्य अर्थिंग असावे.

जाळे बंद पडल्यास प्रथम कार्यालयातील एका संगणकावरून दुसऱ्या खोलीतील, जाळ्यावर असलेल्या प्रिंटरवर कागद छापून पाहावा. कागद निघाला तर दोष बहुधा बाहेरच्या तारेत आहे, म्हणून दूरसंचार कंपनीकडे तक्रार नोंदवावी. कागद निघाला नाही आणि स्विचवरील सर्व दिवे एकसारखे वेगाने लुकलुकत असतील, तर केबलचा फेरा झाल्याचा संशय घ्यावा. एकेक केबल काढून पाहिल्यास दोषी केबल सापडते. एवढी तपासणी शिपाई किंवा लिपिकही करू शकतो. त्यामुळे तंत्रज्ञाची वाट पाहण्यात जाणारा दिवस वाचू शकतो आणि दूरच्या पाड्यावरून आलेल्या अर्जदाराचे काम त्याच दिवशी होण्याची शक्यता वाढते.