गृहोद्यानासाठी पुष्पवृक्षांची निवड

घराभोवती मोकळी जागा असली म्हणजे तीत एखादा फुलांचा वृक्ष असावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु ही निवड बहुधा रोपवाटिकेत डोळ्यांना जे आकर्षक दिसेल, त्यावरून केली जाते. हातभर उंचीच्या रोपाकडे पाहून त्याच्या भावी विस्ताराची कल्पना येत नाही, आणि ती येते तेव्हा वृक्षाच्या फांद्या छपरावर टेकलेल्या असतात. शिवाय नागरी क्षेत्रात १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार झाड तोडण्यास अनुज्ञा घ्यावी लागते. तेव्हा लावण्यापूर्वीच नीट विचार करणे अगत्याचे होय.

पहिला विचार जागेचा आणि जमिनीचा. दख्खनच्या पठारावरील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मोठा वृक्ष भिंतीलगत असल्यास त्याची मुळे पायाजवळील ओलावा शोषून घेतात. त्यामुळे जमीन असमान आकसते आणि भिंतींना तडे जाण्याचा संभव वाढतो. म्हणून अशा जमिनीत मोठे वृक्ष घरापासून निदान आठ-दहा मीटर, मध्यम वृक्ष चार-पाच मीटर दूर असावेत. तेवढी जागा नसेल, तर लहान वृक्षांवरच समाधान मानावे.

ह्या दृष्टीने गुलमोहराचे उदाहरण बोधप्रद आहे. मूळचा मादागास्करचा हा वृक्ष ग्रीष्मात अत्यंत शोभिवंत दिसतो. मात्र त्याची मुळे उथळ पसरणारी, लाकूड ठिसूळ आणि माथा छत्रीसारखा रुंद असतो. फरसबंदीमुळे मुळांना वाव न मिळाल्यास पावसाळी वादळात तो उन्मळण्याचा धोका असतो. विस्तीर्ण मैदानात तो शोभतो. लहान अंगणात नव्हे. आफ्रिकेतून आलेली पिचकारी व उंच वाढणारे बुचाचे झाड ह्यांच्या फांद्याही सहज मोडतात. कैलासपतीची जड फळे खाली पडत असल्याने तो येण्याजाण्याच्या वाटेवर लावू नये.

दुसरा विचार सावलीचा. आणि ह्याकडे सहसा दुर्लक्ष होते. आपल्याकडील पुष्कळ पुष्पवृक्ष पानझडी आहेत. बहावा, अर्थात कॅसिया फिस्टुला, चैत्र-वैशाखात पिवळ्या घोसांनी लगडतो, तेव्हा तो बहुतांशी पर्णहीन असतो. पाने नसल्यामुळे फुले दुरूनही कीटकांच्या दृष्टीस पडतात; वृक्षाच्या दृष्टीने हे हिताचेच आहे. परंतु ज्या दिवसांत गृहस्थास सावली सर्वाधिक हवी असते, त्याच दिवसांत बहावा ती देत नाही. म्हणून पश्चिमेच्या भिंतीस उन्हापासून संरक्षण हवे असल्यास सदाहरित बकुळ अधिक योग्य. तिची वाढ मंद असते, पण पर्णभार दाट असतो, आणि फुले सुकल्यावरही सुगंध टिकतो. बहाव्याला भरपूर ऊन लागते. तो मोकळ्या बाजूस लावावा. त्याच्या पानांवर पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या उपजीविका करतात. त्यांनी पाने खाल्ली तरी नवी पालवी फुटते, औषध फवारण्याची घाई करू नये.

जेथे पाणी साचते किंवा जमीन ओलसर राहते, तेथे ताम्हण उत्तम. कोकणात ओढ्यांच्या काठी नैसर्गिकपणे वाढणारा हा वृक्ष महाराष्ट्राचे राज्यपुष्प देतो, व वैशाखात त्याच्या जांभळ्या फुलोऱ्याने अंगण खुलते. काहीशा सावलीच्या, ओलाव्याच्या जागी सीताअशोक लावावा. तथापि रोप घेताना सावध असावे: ‘अशोक’ ह्या नावाने पुष्कळदा उंच, निमुळता, हिरवट व नगण्य फुलांचा दुसराच वृक्ष विकला जातो. खऱ्या अशोकाची फुले नारिंगी-तांबडी असून त्यांचे गुच्छ जुन्या फांद्यांवरही येतात. औषधी सालीसाठी झालेल्या तोडीमुळे रानातील त्याची संख्या घटली आहे. त्यामुळे अंगणातील एकेका अशोकालाही मोल आहे.

लहान अंगणात एकाच ऋतूची शोभा पुरेशी नसते. फाल्गुनात रक्तकांचन, वैशाखात ताम्हण किंवा बहावा आणि श्रावणानंतर पारिजातक असा क्रम योजल्यास तीन वृक्षांत वर्षाचा मोठा भाग बहरलेला राहतो. पारिजातकाची फुले संध्याकाळी उमलून पहाटे गळतात; त्यासाठी खालची जमीन मोकळी व स्वच्छ ठेवावी. लहान मुले असलेल्या घरी पिवळी कण्हेर टाळावी. तिचे सर्व भाग, विशेषतः बिया, विषारी असतात.

रोपे पावसाळ्याच्या आरंभी लावावीत. खड्डा सुमारे ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल असावा, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. सारांश, कोणता वृक्ष सर्वांत सुंदर, हा प्रश्न गौण होय. आपल्या जमिनीत, आपल्या भिंतीपासून इतक्या अंतरावर, पन्नास वर्षांनंतर कोणता वृक्ष निर्धास्तपणे उभा राहील, हा खरा प्रश्न आहे.