कोपरा नसलेलं घर

संपादकांना ‘परसातली कोंबडी’ या विषयावर लेख हवा होता आणि त्यासोबत तुरेवाल्या कोंबड्याचा झकास फोटो. मी मुळशी तालुक्यातल्या एका वाडीत गेलो आणि सकाळभर पत्र्याच्या एका रिंगणापुढे उकिडवा बसून राहिलो. कोंबड्याचा फोटो राहूनच गेला.

रिंगण म्हणजे दीड फूट उंचीचा पत्रा गोल वळवून टोकं तारेनं बांधलेली. आत भाताचं तूस, त्यावर वर्तमानपत्राचे कागद, मधोमध टांगलेला बल्ब आणि त्याखाली आदल्या दिवशी अंड्यातून निघालेली पन्नास पिलं. कागदावर मक्याचा भरडा पसरलेला होता. एक कागद आमच्याच पुरवणीचा निघाला. पिलांनी त्यावर आपलं मत नोंदवून ठेवलं होतं.

“गोल कशासाठी?” मी विचारलं.

“कोपरा गावला की मरत्यात,” पिलं पाळणाऱ्या आजी म्हणाल्या.

पिलांना गारठा लागला किंवा मांजराची सावली जरी हलली, तरी ती एकमेकांच्या अंगाला भिडत मागं सरकतात. मागं कोपरा असला की तिथं ढीग होतो. वरची पिलं उबेला राहतात, खालची गुदमरतात. सकाळी ढीग विस्कटला की कळतं किती गेली. गोलात मात्र रेटा कुठं साठतच नाही, सरकत राहतो.

पशुसंवर्धनाच्या शिबिरात साहेबांनी हेच फळ्यावर काढून दाखवलं, तेव्हा आजींनी त्यांना ऐकवलं होतं, “आमचं डालगं काय चौकोनी असतंय व्हय?” बुरडानं बांबूच्या कामट्यांचं विणलेलं डालगं गोलच असतं. खुडूक कोंबडी पिलांसकट संध्याकाळी त्याखाली डालायची, वर दगड ठेवायचा. कोंबड्या ‘डालायला’ मराठीत वेगळं क्रियापद आहे, इतकी ही रीत जुनी.

पुणं म्हणजे कोंबडीची राजधानीच. अंड्याचे भाव रोज जाहीर करणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ पासूनची, मुख्यालय पुण्यात. खडकीला सरकारचं उबवणी केंद्र. हा इतिहास मी वहीत उतरवून नेला होता. आजींच्या लेखी त्याचा अर्थ एकच: पिलं खोक्यातून येतात, आईविना. डालग्यात ऊब कोंबडीच्या पोटाची असायची, इथं ती बल्बला द्यावी लागते.

पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, असं पुस्तक सांगतं. आजींकडं तापमापक नाही, त्या पिलंच वाचतात. बल्बखाली गोळा झाली तर थंडी. पत्र्याला चिकटून चोची वासल्या तर उष्मा. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारं शिरतंय. सगळीकडं पांगून टिपत असली की आपण जेवायला बसायचं. त्या हे सांगत असताना माझं लक्ष पांढऱ्या ठिपक्याच्या एका पिलाकडं होतं. ते उभ्या उभ्या पेंगलं, चोच तुसात टेकली, दचकून जागं झालं आणि पुन्हा पेंगलं.

गेल्या वर्षी जुना शंभर वॅटचा बल्ब उडाला. दुकानदारानं एलईडी दिला, वर वीज वाचते म्हणून कौतुकही केलं. रात्री उजेड लख्ख, ऊब शून्य. पहाटे आजी उठल्या तेव्हा पिलं त्या उजेडाखाली गठ्ठा होऊन कुडकुडत होती. वीज गेली तर कोळशाच्या शेगडीवर उलटं घमेलं घालता येतं. बल्ब जळताना दिसतोय म्हटल्यावर शेगडी कोण पेटवणार?

महिनाभरानं पिलं परड्यातल्या खुराड्यात जातात. खुराडं पूर्व-पश्चिम लांब, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. दांडीवर बसायला पिलं तोवर शिकलेली असतात. इथून पुढं मला भिंतींपेक्षा भोकंच जास्त दिसू लागली.

बाजारात जिला कोंबडीजाळी म्हणतात, ती षटकोनी, पातळ तारेची. ती कोंबडीला आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवेलच असं नाही. कुत्रं ती दातानं ओढून फाडतं. रानमांजर पंजा घालून दांडीवरचं तलंग जाळीपाशी खेचतं. मुंगूस जाळीच्या भानगडीतच पडत नाही, खालून उकरतं. म्हणून अर्ध्या इंची वेल्डमेश लावायची आणि तिची खालची कड फूटभर बाहेर वळवून मातीखाली दाबायची. मुंगूस भिंतीच्या बुडाशीच उकरतं, तिथं नखाला तार लागते. जरा मागं सरून उकरावं हे त्याला सुचत नाही. आजवर तरी सुचलेलं नाही.

वेल्डमेश महाग. आजींची दोन बाजूंना पुरली. तिसरीला जुनीच जाळी आहे. त्यातून एकदा धामण आत आली, दोन पिलं गिळली आणि फुगलेल्या पोटानं त्याच भोकात अडकली. सर्पमित्रानं कात्रीनं तार कापून तिला सोडवलं. जाळीला पडलेलं ते भोक आजींनी सुतळीनं शिवलंय.

मानमोडीचं सांगतानाच आजींचा आवाज उतरला. राणीखेत म्हणतात तो हा रोग; मान पिळवटते आणि खुराडंच्या खुराडं रिकामं होतं. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात लशीचा एक थेंब टाकायचा. पण लस बर्फातून आणावी लागते, एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, आणि कुपीत मात्रा असतात शंभर किंवा त्याहून जास्त. म्हणून वाडीतल्या चार घरांनी पिलं एकाच दिवशी मागवायची ठरवलंय. एका घराचे पैसे अडले की चौघींचं अडतं.

आषाढात आजींना फोन केला. पाऊस पश्चिमेकडून सपकारे मारत होता. तूस ओलं झालं, अमोनियाच्या वासानं डोळे चुरचुरायला लागले, मग रक्ती हगवण. चुना मिसळून तूस रोज खालीवर करत होत्या. नऊ गेली होती.

“पांढऱ्या ठिपक्याचं?”

“कुठलं ठिपक्याचं? सगळ्यांना पिसं फुटली आता, वळखू येतंय व्हय?” मग जरा थांबून म्हणाल्या, “पुण्यात शंभरचा बल्ब गावला तर घेऊन या. दोन आणा.”