लपवलेली गोळी

एप्रिल-मे महिन्यांत वरणगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा एखाद्या दुपारी घरचे रुग्णाला दवाखान्यात आणतात. हात थरथरतायत, उलट्या होतायत, चालताना तोल जातोय, जीभ जड झालीय. डॉक्टर विचारतात, ‘आधीचं काही औषध चालू आहे का?’ घरचे एकमेकांकडे बघतात आणि ‘नाही’ म्हणतात.

पण गोळी चालू असते, लिथियमची. कधी अतिउत्साह, कधी खोल नैराश्य अशा बायपोलर आजारात ती फार गुणकारी आहे. मात्र रक्तातलं तिचं प्रमाण ठरावीक मर्यादेतच राहावं लागतं. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकेनाशी होतात, ते साठतं आणि विषबाधा होते. अंगदुखीवर डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतल्यानेही हे होऊ शकतं. म्हणजे ‘नाही’ ऐकून डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन टोचलं, तर भरच पडायची.

मग घरचे लपवतात का? लोक काय म्हणतील ही भीती असतेच. पण आणखी एक कारण आहे आणि ते आम्हा डॉक्टरांच्या पदरी पडतं. मानसिक आजाराचं नाव कागदावर दिसलं, की पुढची तक्रार नीट ऐकली जात नाही. छातीत दुखतंय? टेन्शन असेल. पोटात कळ येते? मनाचे खेळ. आपसात आम्ही ‘फंक्शनल आहे’ म्हणतो आणि मोकळे होतो. मानसिक निदानाच्या सावलीत शरीराचा आजार झाकला जातो.

त्याची किंमत मोठी आहे. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण इतरांपेक्षा सरासरी दहा ते वीस वर्षं कमी जगतात, आणि त्यातले बरेच मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी होतात. ओलान्झापिनसारख्या औषधांनी वजन आणि साखर वाढते. खरं तर या रुग्णांची साखर आणि रक्तदाब इतरांपेक्षा जास्त वेळा तपासायला हवा. होतं उलटंच.

एमबीबीएसला मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नसतो. वॉर्डात काही आठवडे जातात आणि तिथे दिसतात ते सगळ्यात बिघडलेले रुग्ण. बरे होऊन शेतात, कारखान्यात कामाला लागलेले विद्यार्थ्याला भेटतच नाहीत. हे कारण झालं, सबब नव्हे. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार मानसिक रुग्णाला शारीरिक रुग्णाच्या बरोबरीने वागवणं बंधनकारक आहे.

उघडपणे बोलण्याचं एक उदाहरण खानदेशातलंच आहे. मूळचे धुळ्याचे, कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा स्किझोफ्रेनिया लपवला नाही. पुण्यात त्यांनी या आजारासाठी संस्था काढली. ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट त्याच कामातून उभा राहिला.

दवाखान्यात जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. लिथियम चालू असेल तर तसं स्पष्ट सांगा आणि रक्तातली पातळी तपासायला सांगा. उन्हाळ्यात पाणी भरपूर प्या, जेवणातलं मीठ एकदम तोडू नका, दुखण्याची गोळी मनाने घेऊ नका. शंका असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. पण वर सांगितलेली लक्षणं दिसली तर फोनवर थांबू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.