रेंजफाइंडर कॅमेरा आणि त्याचा जोड-डोळा

पनवेलहून गोव्याच्या रस्त्यानें दक्षिणेकडे निघालें कीं, थोड्याच वेळांत कर्नाळ्याचा सुळका दिसूं लागतो. मिटलेल्या मुठींतून अंगठा वर काढावा तसा त्याचा आकार असल्यामुळें लोक त्यास अंगठाच म्हणतात. श्रोत्यांनीं कर्नाळ्यापर्यंत न जातां घरांतच हात लांब करून स्वतःचा अंगठा डोळ्यांसमोर उभा धरावा, आणि प्रथम डावा व मग उजवा डोळा मिटून त्याकडे पाहावें. अंगठा जागचा हलत नाहीं. तरी पलीकडच्या भिंतीवरील तसबिरीच्या मानानें तो एकदां इकडे व एकदां तिकडे सरकल्यासारखा दिसतो. हात जवळ आणला तर हें सरकणें वाढतें, दूर नेला तर कमी होतें. एवढ्या साध्या गोष्टींत एका नामांकित जातीच्या कॅमेऱ्याचें सारें रहस्य आहे. आणि त्याची मुख्य अडचणही तेथेंच आहे.

या जातीच्या कॅमेऱ्याचें नांव रेंजफाइंडर, म्हणजे अंतर शोधणारा. त्याच्या कपाळावर एकमेकींपासून थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात. त्या जणूं त्याचे दोन डोळेच होत. एका खिडकींतून दृश्य सरळ पाहणाराच्या डोळ्याकडे येतें. दुसरींतून आलेलें दृश्य लोलकाच्या साह्यानें पहिल्या दृश्याच्या मध्यभागीं एका लहानशा चौकोनांत पाडलेलें असतें. भिंगाचें कडें फिरविलें कीं आंतील एक दांडी हलते, व तिच्याबरोबर चौकोनांतील प्रतिमा सरकते. इष्ट वस्तूच्या दोन प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या, म्हणजे भिंग त्या वस्तूवर बरोबर लागलें असें समजावयाचें.

जर्मनींतील वेट्झलार येथें ओस्कार बार्नाक यानें सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रें घेणारा एक छोटा कॅमेरा १९१४ सालीं बनविला. लायका या नांवानें तो १९२५ सालीं बाजारांत आला. १९३२ सालच्या नमुन्यांत भिंगाशीं जोडलेला अंतरमापक आला, आणि १९५४ सालच्या एम-३ या नमुन्यांत दृश्य पाहण्याची व अंतर जुळविण्याची सोय एकाच खिडकींत झाली. फिल्म जाऊन सेन्सर आला, तरी त्या खिडकीची मूळ रचना पुढें तशीच राहिली.

इतकीं वर्षें ही रचना टिकली याला कारण आहे. खिडकी सदैव उजळ असते. फोटो निघतांनाही ती क्षणभर काळोखी होत नाहीं. चित्राची सीमा तींत एका प्रकाशमय चौकटीनें दाखविलेली असते, आणि चौकटीबाहेरचें जगही दिसत राहतें. त्यामुळें कोण चित्रांत येत आहे व कोण बाहेर जात आहे, हें आधींच कळतें. ३० जानेवारी १९४८ रोजीं महात्माजींच्या हत्येच्या थोडें अगोदर दिल्लींत त्यांना भेटलेला फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ याच जातीचा कॅमेरा जवळ बाळगीत असे. घडणाऱ्या प्रसंगाची वाट पाहणाऱ्यास अशी खिडकी फार मोलाची.

परंतु खिडकींतून पाहणारा भिंगांतून पाहत नसतो. खिडकी एका जागीं, भिंग दुसऱ्या जागीं. दोन शेजारी आपापल्या खिडक्यांतून एकच मिरवणूक पाहूं लागले, तर लांबून येणारी पालखी दोघांना सारखीच दिसते. पण अगदीं दाराशीं उभा असलेला भालदार एकाला दिसतो व दुसऱ्याला दिसत नाहीं. कॅमेऱ्याचें तसेंच होतें. भिंगाचें कडें फिरवितांना प्रकाशचौकटही सरकून ही तफावत बरीचशी भरून काढते. तरी हिशेब पुरता मिटत नाहीं. अलीकडच्या लायकांत चौकटी २ मीटर अंतरास जुळविलेल्या आहेत. त्याहून दूरच्या दृश्याचा चौकटींत दिसतो त्यापेक्षां थोडा अधिक भाग चित्रांत येतो, आणि जवळच्याचा थोडा कमी. शिवाय या खिडकीला सुमारे ७० सेंटिमीटरच्या आंतील वस्तूचें अंतर जुळवितां येत नाहीं, आणि २८ मिलिमीटरपेक्षां रुंद दृष्टीच्या भिंगासाठीं तींत चौकटही नसते.

या तफावतीचें महत्त्व एका घरगुती प्रसंगावरून ध्यानांत येईल. पनवेलमधील एखाद्या घरीं आजींचें सहस्रचंद्रदर्शन आहे असें समजावें. लेकी-सुना दिव्यांनीं त्यांना ओवाळीत आहेत, आणि दिव्यांच्या उजेडांत उजळलेला तो सुरकुतलेला चेहरा मुलाला टिपावयाचा आहे. उजेड बेताचा, म्हणून त्यानें ५० मिलिमीटरच्या भिंगाचें तोंड एफ-२ इतकें उघडलें आहे व तो एक मीटरवर उभा आहे. अशा वेळीं चित्रांत स्पष्ट उमटणारी खोली पुढेंमागें मिळून अवघी ५ सेंटिमीटरच्या सुमारास असते. समोरून पाहतां डोळा आणि कान यांच्यामधील अंतर याहून अधिक भरतें. कॅमेरा पूर्वीं कधीं पडल्यामुळें आंतील दांडी रेसभर हलली असेल, तर खिडकींत दोन्ही प्रतिमा नीट जुळलेल्या दिसतील, आणि चित्रांत कानांतील कुडी स्पष्ट व डोळे मात्र धूसर उतरतील. खिडकीनें आपली चूक सांगितलेली नसते, आणि तो दिवस पुन्हां येणारा नसतो.

भिंग जें पाहतें तेंच छायाचित्रकारानें पाहावें, ही कल्पना मात्र अगदीं जुनी आहे. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या हिंदी सभासदांपैकीं होत. त्या काळचा छायाचित्रकार काळें कापड डोक्यावर घेऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागील घांसलेल्या कांचेवर भिंगाची उलटी प्रतिमा न्याहाळीत असे. तिच्यांत चौकटीची चूक नव्हती कीं अंतराची नव्हती. जें कांचेवर तेंच प्लेटवर. सोय मात्र मुळींच नव्हती. पुढें लायकाच्या कारखान्यानेंही आपल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यास जोडण्यासाठीं व्हिसोफ्लेक्स नांवाची आरशाची एक पेटी काढली. लांब पल्ल्याचीं भिंगें तिच्यांतून पाहून लावितां येत. काम चोख होई, पण आटोपशीर कॅमेरा तिनें चांगलाच बोजड होई.

आजचा जोड-डोळा, म्हणजे वरून बसवावयाचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर, हा त्या घांसलेल्या कांचेचाच वंशज आहे. सेन्सरवर भिंगानें पाडलेली प्रतिमा विजेच्या संकेतांनीं एका नखाएवढ्या पडद्याकडे जाते, आणि त्या पडद्यावर बसविलेल्या नेत्रभिंगांतून ती मोठी व सुलट दिसते. सेन्सरवरील प्रतिमा चालू स्थितींत दाखविण्याची सोय २०१२ सालीं जाहीर झालेल्या लायका एम नमुन्यांत प्रथम आली. त्यापूर्वींच्या २००६ च्या एम-८ व २००९ च्या एम-९ यांत ती नाहीं. म्हणून त्यांस हा जोड-डोळा चालत नाहीं, आणि फिल्मच्या कॅमेऱ्यास तर तो निरुपयोगीच. २०१२ च्या नमुन्यास जोडावयाच्या व्ह्यूफाइंडरमध्यें सुमारे १४ लाख बिंदू होते. २०१७ च्या एम-१० बरोबर वापरण्याच्या नमुन्यांत २४ लाख, आणि २०२२ च्या एम-११ बरोबर आलेल्या व्हिसोफ्लेक्स-२ मध्यें ३७ लाख. जुन्या पेटीचें नांव असें नव्या यंत्रास मिळालें. बिंदू जितके अधिक, तितकें केसांचें व पापण्यांचें टोक ओळखणें सोपें.

तो वापरण्याची रीत कठीण नाहीं, पण क्रम पाळावा लागतो. प्रथम कॅमेरा बंद करावा, आणि मगच माथ्यावरील खांचेंत व्ह्यूफाइंडर शेवटपर्यंत सरकवावा. कोंकणांतील पावसाळ्यांत या खांचेंतील धातूचे बारीक बिंदू कोरड्या मऊ फडक्यानें पुसून घ्यावे. ओलावा राहिला तर पडद्यावर चित्र येत नाहीं. नंतर नेत्रभिंगाचें चक्र फिरवून पडद्यावरील अक्षरें स्वच्छ दिसतील असें करावें. ही पायरी बहुतेक लोक विसरतात, आणि मग धूसरपणाचा दोष भिंगावर ठेवतात. पिकल्या वयाच्या माणसास या चक्राचा विशेष उपयोग आहे. मूळ खिडकीला दृष्टिदोषासाठीं निराळें भिंग आटे फिरवून बसवावें लागतें, आणि चष्म्यावरून पाहिलें तर रुंद चौकटीचे कोपरे दिसत नाहींत.

त्यानंतर भिंगाचें तोंड पूर्ण उघडावें. या भिंगांचें तोंड हातानें जितकें मिटावें तितकेंच मिटलेलें राहतें. बारीक तोंडानें पाहिलें तर पुढचें-मागचें सारेंच स्पष्ट भासून नेमकें ठिकाण सांपडत नाहीं. मग प्रतिमेचा मधला भाग मोठा करून डोळ्याच्या बाहुलीवर भिंग लावावें, आणि पाहिजे असल्यास तोंड पुन्हां बारीक करावें. स्पष्ट कडांभोंवतीं रंगीत रेघ दाखविण्याचीही सोय असते. ती जलद कामास बरी, परंतु ती फार उदार असते. जेथें थोडें अंतर चुकलें आहे तेथेंही ती रेघ उमटते. महत्त्वाच्या चित्रास मोठी केलेली प्रतिमाच खरी साक्षीदार.

हा जोड-डोळा परीक्षकाचेंही काम करतो. वर्तमानपत्राचें पान भिंतीवर लावून कॅमेरा तिवईवर ठेवावा, खिडकींतून प्रतिमा जुळवावी, आणि कडें न हलवितां व्ह्यूफाइंडरमध्यें तेंच पान मोठें करून पाहावें. अक्षरें धारदार असतील तर खिडकी खरी बोलते. नसतील तर कॅमेरा जाणत्या कारागिराकडे न्यावा. सहस्रचंद्रदर्शनाच्या आदल्या दिवशीं एवढी परीक्षा घेतली असती, तर आजींचे डोळे धूसर उतरले नसते.

कर्नाळ्याच्या अभयारण्यांत तर या साधनाची गरज उघडच दिसते. १९६८ सालीं स्थापन झालेल्या या अरण्यांत भृंगराज, दयाळ यांसारखे पक्षी पाहावयास लोक जातात. खिडकींत १३५ मिलिमीटर भिंगाची चौकट २८ मिलिमीटरच्या चौकटीच्या अवघी पंचमांश लांबीची असते. तेवढ्याशा जागेंत पानांआडचा पक्षी ठिपक्याएवढा दिसतो. त्याहून लांब भिंगासाठीं तर खिडकींत चौकटच नाहीं. जोड-डोळ्यांत मात्र भिंग कितीही लांब असो, त्याचें दृश्य पडदाभर दिसतें.

असें असतां खिडकी टाकूनच कां देऊं नये? कारखान्यानेंही २०२५ च्या ऑक्टोबरांत खिडक्या काढून आंतच इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बसविलेला एम ईव्ही-१ हा कॅमेरा आणला. परंतु पडद्याच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. पडदा घडून गेलेला क्षण दाखवितो, मग तो विलंब कितीही सूक्ष्म असो. यांत्रिक शटर वापरतांना तें आधीं मिटून मग उघडतें, म्हणून कळ दाबणें व चित्र निघणें यांत आणखी थोडा वेळ जातो, आणि मध्यें डोळ्यांपुढें अंधारी येते. मंद प्रकाशांत प्रतिमा रवाळ होते. बॅटरी लवकर संपते. माथ्यावरील खांच अडल्यामुळें तेथें फ्लॅश बसवितां येत नाहीं. आणि मुख्य म्हणजे चौकटीबाहेरून कोण येत आहे, तें पडद्यावर दिसतच नाहीं.

यावरून दोघांचीं कामें निराळीं ठरतात. अंगणांत धांवणारीं नातवंडें, बाजारपेठेंतील गर्दी, मांडवांत शिरणारी वरात, यांसाठीं खिडकी. तेथें पुढच्या क्षणाचा अंदाज हवा असतो. ओवाळलेला चेहरा, हातावरील मेंदी, जुन्या पत्राचें पान, दूरच्या फांदीवरील पक्षी, यांसाठीं जोड-डोळा. तेथें केसभर चूक चालत नाहीं. जोड-डोळा बसविल्यावरही खिडकी बंद होत नाहीं. प्रसंगाची चाहूल खिडकींतून घ्यावी, आणि भिंग नीट लागलें कीं नाहीं याची खात्री पडद्यावर करून घ्यावी. दृष्टि मंदावली म्हणून कित्येक वृद्ध गृहस्थ हातांतील कॅमेरा कपाटांत ठेवून देतात. त्यांचा कॅमेरा हा डोळा घेऊं शकणारा असेल, तर तो कपाटांतून बाहेर काढण्यास हरकत नाहीं. कारण घरांतील माणसें कोणत्या क्षणीं खरीं स्वतःसारखीं दिसतात, हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक नसतें.