यंत्राची आज्ञावली निवडताना

आपल्या पवईच्या आय.आय.टी.त विद्यार्थ्यांसाठी एक छोटे उपकरण तयार झाले. पोलादाची पातळ पट्टी, तिला तापविणारी निक्रोमची तार, गार करणारा पंखा आणि तापमापक, एवढाच पसारा. तार किती तापवावी, पंखा किती फिरवावा, हे 'सायलॅब' या मोफत, खुल्या प्रणालीत लिहिलेली आज्ञावली ठरविते. दूरच्या गावच्या विद्यार्थ्यालाही इंटरनेटवरून ती चालविता यावी, अशी योजना होती.

मग कारखानदाराने तरी पैसे का मोजावेत, असे आपण विचाराल. मंडळी, प्रयोगात पट्टी जास्त तापली तर गुण जातात. बॉयलर तापला तर माणसे भाजतात. रात्री दोन वाजता यंत्र अडले तर धावून कोण येणार, याला किंमत आहेच.

परंतु विकतच्या प्रणालीची खरी किंमत दहा वर्षांनी, कंपनी बदलावयाची झाली म्हणजे कळते. १९९३ च्या आयईसी ६११३१-३ या मानकाने कारखान्यातील नियंत्रकांच्या, म्हणजे पीएलसींच्या, भाषा ठरवून दिल्या. शिडीसारखी 'लॅडर' आकृती त्यांतलीच. ती कोणत्याही कंपनीची असो, जाणत्या वायरमनला वाचता येते. तरीही एका कंपनीची आज्ञावली दुसरीच्या पीएलसीवर बहुधा जशीच्या तशी चालत नाही. भाषा एक, बोली निराळ्या! अदलाबदलीचे मानक २०१९ साली आले खरे, पण ते सारेच पाळतात असे नाही.

तेव्हा विक्रेता रंगीत पडदे दाखवू लागला की त्याला म्हणावे, "ही छोटी आज्ञावली दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीत उघडून दाखवा." किती भाग हाताने पुन्हा लिहावा लागला, तो मोजावा; आणि आज्ञावलीची मूळ प्रत आपल्याच ताब्यात राहील, हे करारात लिहून घ्यावे.