मायक्रोवेव्हचे सपाट भिंग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मेटासरफेस म्हणजे तांब्याची बारीक नक्षी छापलेली सपाट पाटी. नक्षीतला प्रत्येक तुकडा तरंगलांबीहून लहान असतो आणि आपल्या जागेपुरती लहरीची कला (फेज) बदलतो. त्यामुळे लहर वळते किंवा एका बिंदूवर, म्हणजे नाभीवर, एकवटते. हे तांब्याच्या एखाद्या खास गुणामुळे घडते, असे मानले जाते. प्रत्यक्षात काम करतात ते तुकड्यांचे आकार आणि त्यांची मांडणी.

वर्णविपथन, म्हणजे प्रत्येक रंगाची नाभी वेगळ्या जागी पडणे, फक्त दृश्य प्रकाशात होते, हाही गैरसमजच. मायक्रोवेव्हचा ‘रंग’ म्हणजे वारंवारता. धाराशिव, तुळजापूर, उमरगा इथल्या घरांवरच्या डीटीएच छत्र्यांचे एलएनबी (नाभीवर बसवलेले संकेतग्राहक) साधारण 10.7 ते 12.75 गिगाहर्ट्झ या पट्ट्यासाठी बनवलेले असतात. छत्रीऐवजी 60 सेंटीमीटर व्यासाचे आणि तेवढ्याच नाभीय अंतराचे साधे मेटासरफेस भिंग 11.7 गिगाहर्ट्झसाठी बनवले, तर पट्ट्याच्या खालच्या टोकाला नाभी सुमारे 55 सेंटीमीटरवर येते, वरच्या टोकाला 65 वर. एलएनबी मात्र एकाच जागी असतो.

छत्रीत हा दोष नसतो. अन्वस्ताकार परावर्तकावरून नाभीकडे जाणारे सर्व मार्ग सारख्याच लांबीचे असतात, मग वारंवारता कोणतीही असो. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या म्हणूनच अनेक पट्ट्यांवर काम करू शकतात.

वरच्या भिंगात कडेकडून नाभीकडे जाणारा मार्ग मध्यापेक्षा 7.1 सेंटीमीटरने लांब पडतो. म्हणून मधल्या लहरीला 0.24 नॅनोसेकंद थांबवावे लागते. 11.7 गिगाहर्ट्झला हे अंतर पावणेतीन तरंगलांब्यांहून किंचित जास्त भरते. साधी रचना त्यातल्या दोन पूर्ण तरंगलांब्या सोडून देते आणि उरलेली कला तेवढी जुळवते. त्या एका वारंवारतेला यातून काही बिघडत नाही, पण इतर वारंवारतांना त्या दोन तरंगलांब्या पूर्ण राहत नाहीत आणि नाभी सरकते. वर्णविपथन घालवायचे तर कला जुळवून भागत नाही, वेळच जुळवावी लागते.

इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे: नक्षी चांगली असली की पाटी हवी तेवढी पातळ, मोठी आणि रुंद पट्ट्याची करता येते. विलंब मिळतो तो नक्षीतल्या अनुनादातून. अनुनाद लहरीला जितका जास्त वेळ धरतो, तितका त्याचा पट्टा अरुंद होतो. नाभीय अंतर तेच ठेवून व्यास दुप्पट केला, तर लागणारा विलंब साडेतीन पट होतो. तो त्याच पट्ट्यात हवा असेल, तर थर वाढवावे लागतात आणि पाटी जाड होते.

प्रत्येक ठिकाणी वर्णविपथनमुक्त भिंगच हवे, असेही नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापुरात ढगांमध्ये बीजरोपणाचा प्रयोग केला, तेव्हा तिथे सी-बँड हवामान रडार होते. असे रडार अतिशय अरुंद पट्ट्यात चालते. त्यामुळे त्यासाठी मेटासरफेस बनवायचे ठरले, तर एका वारंवारतेची साधी, पातळ रचनाच योग्य ठरेल.