यंत्र एकाचें, खेळ दुसऱ्यांचे

दिवाळीच्या किंवा मुंजीच्या निमित्तानें घरांत व्हिडिओ गेमचें यंत्र घ्यावयाचें ठरलें म्हणजे वडील मंडळी प्रथम किंमत विचारतात, आणि मुलें विचारतात कीं, त्यावर कोणकोणते खेळ चालतात? आमच्या मतें या बाबतींत मुलांचा प्रश्नच अधिक शहाणपणाचा आहे. टेलिव्हिजनला जोडावयाची ही पेटी, जिला कन्सोल म्हणतात, ती स्वतः कांहींच करीत नाहीं. ग्रामोफोनला जशी तबकडी, तसा तिला खेळ लागतो. आणि हे खेळ पुष्कळ वेळां पेटी बनविणाऱ्या कंपनीचे नसून तिच्याशीं कसलाहि संबंध नसलेल्या तिऱ्हाईत कंपन्यांनीं रचलेले असतात. या तिऱ्हाइतांना आपल्याकडे ओढून घेण्यासाठीं यंत्रवाल्यांमध्यें गेलीं चाळीसांहून अधिक वर्षें जी चढाओढ चालली आहे, तिची हकीकत आमच्या वाचकांस मनोरंजक वाटेल असा आमचा भरंवसा आहे.

नाटकगृहाचा दाखला घेतला म्हणजे हा धंदा चटकन ध्यानांत येतो. नाटकगृह कितीहि सुंदर बांधलें, पण नाटकमंडळी आली नाहीं तर त्यांत पारवे घुमावयाचे. उलटपक्षीं, गांवांत नाटकगृह एकच असलें म्हणजे मालक सांगेल तें भाडें मंडळीला निमूटपणें द्यावें लागतें. कन्सोल पुष्कळदां अगदीं थोड्या नफ्यावर, कधीं कधीं तर पदरचे पैसे घालूनहि विकलें जातें. मालकाची खरी मिळकत म्हणजे त्यावर चालणाऱ्या प्रत्येक खेळाच्या विक्रींतून मिळणारा हिस्सा. मंडळ्या याव्यात म्हणून भाडें कमी करावें, कीं प्रेक्षक आपल्याच हातीं आहेत म्हणून तें वाढवावें, या पेचांत प्रत्येक मालक केव्हां ना केव्हां सांपडला आहे.

गोष्टीचा आरंभ अमेरिकेंत झाला. ऍटारी ही कंपनी तेव्हां या धंद्यांत अग्रगण्य होती. १९७७ सालीं तिनें काढलेलें यंत्र घरोघर पोंचत होतें आणि त्यावरचे खेळहि तीच काढीत असे. त्या काळीं एक खेळ बहुधा एकच मनुष्य रची. कल्पना, चित्रें, आवाज, गणित, सारें त्याचेंच. परंतु वेष्टनावर त्याचें नांव कोठेंहि नसे. एका खेळकर्त्यानें तर आपल्या खेळांत कोणाच्या नकळत एक गुप्त खोली योजून तींत स्वतःचें नांव लिहून ठेविलें, आणि खेळ बाजारांत गेल्यावर तें एका मुलाला सांपडलें! डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ऍलन मिलर व बॉब व्हाइटहेड या चौघांनीं जेव्हां हिशेब मांडून पाहिला, तेव्हां कंपनीच्या विक्रीचा फार मोठा भाग आपण चौघांनीं रचलेल्या खेळांवर उभा असल्याचें त्यांस आढळून आलें. पदरांत मात्र ठराविक पगारापलीकडे कांहीं पडत नव्हतें. तेव्हां ते कंपनीचे प्रमुख रे कॅसार यांजकडे गेले. हे गृहस्थ कापडाच्या धंद्यांतून आलेले. कारखान्यांत खेळ जुळवून पेटींत भरणाऱ्या कामगाराइतकेंच तुमचें महत्त्व आहे, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें, असें क्रेन यांनीं पुढें सांगितलें आहे. आम्हांस कामगाराचा मान कमी लेखावयाचा नाहीं. पण कामगार बदलला तरी खोक्यांत तोच खेळ भरला जातो, आणि खेळकर्ता बदलला म्हणजे तो खेळच राहत नाहीं, एवढें तरी एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यास कळावयास हवें होतें.

चौघेहि बाहेर पडले आणि १९७९ सालीं जिम लेव्ही यांच्यासह त्यांनीं ऍक्टिव्हिजन ही कंपनी काढली. यंत्र ऍटारीचें आणि खेळ मात्र दुसऱ्याचे, हा प्रकार जगांत प्रथमच घडत होता. खेळाबरोबर दिलेल्या पुस्तिकेंत कर्त्याचें नांव आणि छायाचित्रहि छापण्याची प्रथा त्यांनीं पाडली. ऍटारीनें कोर्टांत धांव घेतली. १९८२ सालीं तडजोड झाली आणि ऍटारीस कांहीं मोबदला देऊन तिऱ्हाइतानें खेळ काढण्यास हरकत नाहीं असें ठरलें. त्याच वर्षीं क्रेन यांचा 'पिटफॉल' हा खेळ निघाला, व त्याच्या लाखों प्रती खपल्या.

दार उघडें दिसतांच मग जो तो आंत शिरला. सकाळच्या न्याहरीचे ओट विकणाऱ्या क्वेकर ओट्स कंपनीनेंहि व्हिडिओ गेमचें खातें उघडलें, यावरून वाचकांनीं काय तें ओळखावें. बाजार निकस खेळांनीं भरून गेला, दुकानदार वाटेल त्या किंमतीस माल काढूं लागले, आणि १९८३ सालीं अमेरिकेंतील हा सगळाच धंदा कोसळला. न खपलेला माल ऍटारीनें न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो गांवाच्या उकिरड्यांत पुरला. ही दंतकथा असावी अशी पुष्कळांची समजूत होती. पण २०१४ सालीं ती जागा खणली गेली, तेव्हां ते खेळ खरोखरच बाहेर निघाले.

या नाशाचा धडा ज्यानें नीट पाठ केला तो जपानांतील क्योतो शहरचा. निन्टेन्डो ही १८८९ सालीं पत्ते बनविण्यासाठीं निघालेली जुनी पेढी. तिनें १९८३ सालीं जपानांत फॅमिकॉम हें यंत्र काढलें आणि १९८५ सालीं तेंच रूप पालटून अमेरिकेंत नेलें. (आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत जे स्वस्त व्हिडिओ गेम आले, ते बहुतेक या फॅमिकॉमच्याच नकला होत. त्यांत खोंचावयाच्या प्लॅस्टिकच्या डबीला मुलें 'कॅसेट' म्हणत. आम्हीहि येथें तोच शब्द वापरतों.) अमेरिकेंतील यंत्रांत एक कुलूप होतें. यंत्रांतील एक चिप आणि कॅसेटमधील तिची जोडीदार यांची परस्परांस ओळख पटली तरच खेळ चाले. एरव्हीं यंत्र पुन्हांपुन्हां बंद होऊन सुरू होत राही. किल्ली अर्थातच निन्टेन्डोपाशीं.

ज्याला किल्ली हवी त्यानें करार मान्य करावयाचा. वर्षांत पांचांहून अधिक खेळ काढावयाचे नाहींत. काढलेला खेळ दोन वर्षेंपर्यंत दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर द्यावयाचा नाहीं. कॅसेटी निन्टेन्डोकडूनच करून घ्यावयाच्या, त्यांचे पैसे आगाऊ भरावयाचे, आणि माल पडून राहिला तर नुकसान ज्याचें त्यानें सोसावयाचें. १९८८ सालीं चिपांची टंचाई पडली, तेव्हां कोणास किती कॅसेटी द्यावयाच्या हेंहि निन्टेन्डोच ठरवी. पांच खेळांच्या बंधनांतून सुटण्यासाठीं कोनामी या कंपनीनें 'अल्ट्रा' नांवाची दुसरी कंपनी उभी केली. एका घरांत दोन चुली दाखवून दोन रेशनकार्डें मिळविण्याची युक्ति आपणांस नवी नाहीं. जपानी लोकांसहि ती ठाऊक असावी याचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

या अटींस सरसकट जुलूम म्हणावयास आम्ही तयार नाहीं. १९८३ चा अनुभव ताजा होता, आणि निकस मालास आळा घालणें ग्राहकाच्याहि हिताचें होतें. परंतु चांगला खेळ दुसऱ्याच्या यंत्रावर चालला म्हणून तो वाईट होतो असें थोडेंच आहे? दोन वर्षांच्या अटीचा गुणवत्तेशीं कांहीं संबंध नव्हता. तो सरळ प्रतिस्पर्ध्याचें नाटकगृह ओस पाडण्याचा उपाय होता, आणि १९९० च्या सुमारास, कायद्याची नजर वळल्यावर, तो निन्टेन्डोला अमेरिकेंत सोडून द्यावा लागला. मनें दुखावलीं गेलीं तीं मात्र तशींच राहिलीं. नामको ही कंपनी फॅमिकॉमकडे अगदीं आरंभीं आलेली, म्हणून तिला विशेष सवलती होत्या. १९८९ सालीं करार संपतांच त्या काढून घेण्यांत आल्या, आणि नामकोच्या प्रमुखांनीं आपली नाराजी उघडपणें बोलून दाखविली. ही नोंद वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

दरम्यान सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीस निराळाच मासला भेटला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या अमेरिकन कंपनीचे संस्थापक ट्रिप हॉकिन्स यांनीं सेगाचें जेनेसिस यंत्र आपल्या लोकांकडून उलगडून पाहिलें आणि परवान्यावांचून त्यावर खेळ चालविण्याची विद्या हस्तगत केली. मग १९९० सालीं ते सेगाकडे गेले. बोलणें साधें होतें: योग्य अटी द्या, नाहींतर आम्ही आमच्या वाटेनें जाऊं आणि इतरांनाहि ती वाट दाखवूं. इतरांकडून दर कॅसेटीमागें आठ-दहा डॉलर घेतले जात असतां हॉकिन्स यांस सुमारें दोन डॉलरांत परवाना मिळाला. सेगाला हा सौदा कडू वाटला असेल. पण त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या जॉन मॅडन यांच्या नांवाच्या फुटबॉल खेळानें अमेरिकेंत जेनेसिसचा खप वाढविण्यास मोठाच हातभार लाविला.

आतां सोनीची कथा. रेडिओ-टेलिव्हिजन करणाऱ्या या कंपनीचा निन्टेन्डोशीं घरोबा होता. निन्टेन्डोच्या यंत्रास कॉम्पॅक्ट डिस्कची जोड देण्याचें काम तिच्याकडे होतें. जून १९९१ मध्यें शिकागो येथील प्रदर्शनांत सोनीनें तें जाहीर केलें, आणि दुसऱ्याच दिवशीं निन्टेन्डोनें आपण हॉलंडच्या फिलिप्स कंपनीशीं हातमिळवणी केल्याचें सांगितलें. भरल्या मांडवांतून वर उठून जावा तसा हा प्रकार झाला. सोनींतील इंजिनियर केन कुतारागी यांनीं हट्ट धरला, आणि डिसेंबर १९९४ मध्यें सोनीचें स्वतःचें यंत्र, प्लेस्टेशन, जपानांत विक्रीस आलें. पहिल्याच दिवशीं त्यावर खेळावयास 'रिज रेसर' ही मोटारींची शर्यत तयार होती. ती रचली होती नामकोनें!

सोनीपाशीं स्वतःचे नांवाजलेले खेळ जवळजवळ नव्हतेच, आणि आम्हांस वाटतें, हेंच तिचें बळ ठरलें. निन्टेन्डोच्या दुकानांत तिऱ्हाइतास निन्टेन्डोच्याच मारिओशीं स्पर्धा करावी लागे. सोनीच्या दारांत मात्र तो पाहुणा होता. त्यांत डिस्कची सोय. कॅसेट महाग, ती करून मिळण्यास कित्येक आठवडे लागत. कमी मागविल्या तर गिऱ्हाईक परत जाई, अधिक मागविल्या तर पैसा अडके. डिस्क अगदीं स्वस्त, आणि मागणी येईल तशी थोड्या दिवसांत छापून मिळे. लहान कंपनीच्या दृष्टीनें हा फरक जगण्यामरण्याचा होता.

तरीहि निन्टेन्डोनें १९९६ सालच्या आपल्या नव्या यंत्रासाठीं, म्हणजे निन्टेन्डो ६४ साठीं, कॅसेटच कायम ठेविली. डिस्कवरून खेळ सुरू होण्यास वेळ लागतो आणि तिची चोरटी नक्कल सोपी असते, हीं तिचीं कारणें खोटीं नव्हतीं. पण स्क्वेअर कंपनीची अडचण याहून मोठी होती. १९८७ पासून तिच्या 'फायनल फँटसी' मालेचे सहाहि मुख्य भाग निन्टेन्डोच्याच यंत्रांवर निघाले होते. सातव्या भागांत हिरोनोबु साकागुची व त्यांच्या मंडळींस चलच्चित्रांसारखे प्रसंग दाखवावयाचे होते, आणि ते कॅसेटींत मावणें शक्य नव्हतें. जानेवारी १९९६ मध्यें, निन्टेन्डोचें नवें यंत्र दुकानांत येण्यापूर्वींच, स्क्वेअरनें जाहीर केलें कीं, सातवा भाग प्लेस्टेशनवर निघेल. जानेवारी १९९७ च्या अखेरीस तो निघाला, तेव्हां त्यास तीन डिस्का लागल्या; निन्टेन्डोच्या मोठ्यांत मोठ्या कॅसेटीच्या कितीतरी पट तो ऐवज होता. पुढें सर्व मिळून त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. जपानांत ज्याची लोकप्रियता त्याहूनहि मोठी, त्या 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या मालक एनिक्स कंपनीनेंहि त्याच महिन्यांत सोनीचा रस्ता धरला. निन्टेन्डो आणि स्क्वेअर यांचें बिनसलें तें पुढें सहा-सात वर्षें. अखेर प्लेस्टेशन दहा कोटींवर विकलें गेलें; निन्टेन्डो ६४ सव्वातीन कोटींच्या आसपास थांबलें, आणि तेंहि मुख्यतः निन्टेन्डोच्या घरच्या उत्तम खेळांच्या जोरावर.

सेगाजवळ तेवढी घरची शिदोरी नव्हती. आधींच्या यंत्रांच्या बाबतींत तिनें धरसोड करून खेळकर्त्यांचा विश्वास गमावला होता. १९९८ सालीं तिनें ड्रीमकास्ट हें सुरेख यंत्र काढलें, पण इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सनें त्यावर एकहि खेळ दिला नाहीं. कर्ज आणि सोनीचें पुढचें यंत्र हींहि कारणें झालीं खरीं. तथापि फुटबॉलच्या वेडानें झपाटलेल्या अमेरिकेंत मॅडन नसलेलें यंत्र कोण घेणार? २००१ च्या जानेवारींत सेगानें यंत्रें करणें सोडल्याचें जाहीर केलें, आणि तें वर्ष संपण्याच्या आंत तिचा लाडका सॉनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर धांवूं लागला. कालचा नाटकगृहाचा मालक आज मंडळी घेऊन वैऱ्याच्या दारीं आला.

२००१ सालींच मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स या मैदानांत उतरलें, आणि मंडळीशीं घासाघीस करीत बसण्यापेक्षां मंडळीच विकत घ्यावी हा मार्ग त्या कंपनीनें पुढें फार मोठ्या प्रमाणावर अवलंबिला. जानेवारी २०२२ मध्यें तिनें जो सर्वांत मोठा सौदा जाहीर केला तो ६८.७ अब्ज डॉलरांचा, आणि विकली जाणारी कंपनी होती ऍक्टिव्हिजन ब्लिझर्ड; म्हणजे कॅसारसाहेबांच्या खोलींतून उठून आलेल्या त्या चौघांनीं रोपिलेलें झाड. 'कॉल ऑफ ड्यूटी' ही तिची युद्धखेळांची माला प्लेस्टेशनवर दिसेनाशी होईल या भीतीनें सोनीनें कडाडून विरोध केला. अमेरिकेंतील सरकारी खातें कोर्टांत गेलें, ब्रिटनमधील खात्यानें प्रथम नकार दिला. माला दहा वर्षें इतरांसहि देऊं असे करार करून आणि ब्रिटनसाठीं आणखी कांहीं हक्क सोडून देऊन, ऑक्टोबर २०२३ मध्यें मायक्रोसॉफ्टनें हा व्यवहार पुरा केला. गंमत ही कीं, २०२४ पासून मायक्रोसॉफ्ट स्वतःचेच कित्येक खेळ सोनी व निन्टेन्डो यांच्या यंत्रांवर आपण होऊन विकूं लागली आहे.

एवढ्या मोठ्यांच्या झगड्यांत लहानांचें काय होतें, याचा एक दाखला आमच्या पुण्याचाच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या तेथील छोट्या मंडळीनें 'राजी' नांवाचा खेळ रचला. असुरांनीं पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या शोधांत निघालेली एक मुलगी ही त्याची नायिका, आणि दुर्गा व विष्णु तिचे साह्यकर्ते. २०१७ सालीं लोकवर्गणीनें पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी मंडळीनें काम सोडलें नाहीं. १८ ऑगस्ट २०२० रोजीं 'राजी' प्रथम निन्टेन्डोच्या स्विच यंत्रावर निघाली. छोट्या खेळकर्त्यांची ओळख करून देण्याच्या निन्टेन्डोच्या कार्यक्रमांत तिचें नांव जगापुढें आलें आणि त्याच दिवशीं ती विक्रीस लागली. सोनी व मायक्रोसॉफ्ट यांच्या यंत्रांवर ती ऑक्टोबरांत आली. एके काळीं निन्टेन्डो जी मुदत दोन वर्षांची मागत असे, ती येथें दोन महिन्यांवर आलेली आहे.